एसीला २४ अंश, मग धुण्याला साधं पाणी का नाही?

गेल्या मार्चमध्ये एका रविवारी सकाळी मी इमारतीच्या पार्किंगमध्ये, वीजमीटरच्या पेटीसमोर स्टूल टाकून बसले होते. वर घरात मुलाने फ्रिजचा प्लग काढला होता. पंखे, दिवे, राउटर, सगळं बंद. चालू होतं ते फक्त वॉशिंग मशीन. मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो. वीज जितकी जास्त खेचली जाईल तितका तो भराभर लुकलुकतो. आमच्या मीटरवर छापलं आहे त्याप्रमाणे तो ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट होतं.

मुलगा फोनवर होता. "आई, ६० अंशांवर लावलंय. पाणी भरतंय." दिवा निवांत होता, पाच-सहा सेकंदांनी एकदा. पाणी भरलं, ड्रम फिरायला लागला, तरी त्याच्या चालीत फारसा फरक पडला नाही. सहा-सात मिनिटांनी मात्र तो एकदम सुटला, सेकंदाला जवळजवळ दोनदा. मी विचारलं, "आता काय चालू केलंस रे?" तो म्हणाला, "काहीच नाही. मशीन तर उलट आता हळूहळू हलतंय."

वीस-बावीस मिनिटं तो दिवा तसाच पळत राहिला. कपडे जेमतेम हलत होते आणि आत हीटर पाणी तापवत होता. सगळं धुणं होऊन मशीन थांबलं तेव्हा मीटर ०.९ युनिटने पुढे गेलं होतं. पुढच्या रविवारी तेवढेच कपडे, तीच पावडर, पण पाणी न तापवता. पूर्ण धुणं आणि पिळणं मिळून ०.२ युनिट.

हे मोजायला मला मशीन घेतल्यावर दोन वर्षं लागली. मशीन घरी आलं त्या दिवशी कंपनीचा मुलगा डेमो द्यायला आला होता. त्याने बटण दाबलं, "कॉटन" निवडलं, पडद्यावर ४० आलं. म्हणाला, "हे रोजच्याला. चादरी-टॉवेलला ६० करा, म्हणजे जंतू मरतील." मी तसंच करत आले. ४० म्हणजे पाणी ४० अंशांपर्यंत तापणार आणि त्याचे पैसे मी भरणार, असं त्याने सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही. आधीचं आमचं मशीन वरून झाकण उघडणारं, साधं होतं. त्यात हीटरच नव्हता. नळाचं पाणी यायचं, त्यात कपडे धुतले जायचे. म्हणजे जी सोय आम्ही कधी मागितली नव्हती ती समोरून उघडणाऱ्या मशीनबरोबर घरात आली आणि मुकाट्याने बिलात बसली.

हिशोब शाळेतलाच आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. समोरून उघडणारं मशीन धुण्यासाठी साधारण १५ लिटर पाणी घेतं असं धरू. नळाचं पाणी २५ अंशांचं असेल आणि ते ६० पर्यंत न्यायचं असेल, तर १५ गुणिले ३५, म्हणजे ५२५ किलोकॅलरी, म्हणजे ०.६ युनिट. पाण्याबरोबर कपडे आणि स्टीलचा ड्रमही तापतो, ते वेगळं. आता याच्या शेजारी आंघोळीची बादली ठेवून बघा. २० लिटर पाणी २५ वरून ४२ अंशांवर नेलं तर ०.४ युनिट. म्हणजे मशीनमध्ये ६० वर टाकलेलं एक धुणं निव्वळ पाणी तापवण्यात दीड माणसाच्या आंघोळीची वीज खातं. घरात कुणी गिझर चालू ठेवून विसरलं तर आपण ओरडतो. मशीन तेच करतं, पण काचेच्या दाराआड, बंद ड्रममध्ये. वाफ दिसत नाही, हात भाजत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही.

माझं सासर निफाडचं. द्राक्षाच्या पट्ट्यातलं गाव, आणि थंडीत राज्यातलं सगळ्यात कमी तापमान म्हणून ज्याचं नाव पेपरात येतं ते. लग्न होऊन गेले तेव्हा मागच्या अंगणात तांब्याचा बंब होता. छाटणीत निघालेल्या द्राक्षाच्या काड्या, उसाची चिपाडं, कधी गोवऱ्या, असं जे असेल ते त्यात जायचं. पहाटे सासूबाई तो पेटवायच्या. बंबाच्या पाण्याचा हिशोब ठरलेला असायचा. आधी म्हातारी माणसं, मग लहान मुलं, मग कामावर जाणारे. कढत पाण्यात विसण घालून एकेक घंगाळं पुरवायचं. शेवटी उरलंच तर भांड्यांच्या खरकट्याला. धुण्याला बंबाचं पाणी घेताना मी त्यांना फक्त दोन कारणांसाठी पाहिलं. घरात बाळंतीण असली की बाळाचे लंगोट, आणि कुणी अंगावर फोड येण्याच्या आजारातून उठलं की त्याचं अंथरूण-पांघरूण. बाकी वर्षभराचं सगळं धुणं, डिसेंबरातलंसुद्धा, आडाच्या पाण्यात. कपडे अस्वच्छ होते असं त्या घरात पाऊल टाकलेलं कुणीही म्हणणार नाही.

त्या दिवसांचे मी गोडवे गात नाही. धुण्याच्या दगडावर उकिडवं बसून सात माणसांचे कपडे आपटताना बायकांच्या कंबरा कामातून गेल्या आहेत. सासूबाईंच्या बोटांच्या पेरांना हिवाळ्यात भेगा पडायच्या आणि त्यांत साबण झोंबायचा, तेव्हा त्या दातांत पदराचं टोक धरून पिळायच्या. वॉशिंग मशीनने हे थांबवलं, आणि घराघरात ते आलं पाहिजे असंच माझं मत आहे. माझं म्हणणं एवढंच, की मशीनचं मोल त्याच्या फिरण्यात आणि पिळण्यात आहे. बायकांचे कष्ट ड्रम फिरवणाऱ्या मोटारीने वाचवले, आणि ती मोटार पूर्ण धुण्याला ०.२ युनिट घेते. बाकीचं ०.७ युनिट ज्यावर जातं त्याने कुणाचीही कंबर वाचलेली नाही.

मग हे ४० आणि ६० आले कुठून? हे आकडे युरोपातले आहेत. समोरून उघडणारं, स्वतःचं पाणी स्वतः तापवणारं मशीन ही तिकडची घडण. तिथे हिवाळ्यात नळाला आठ-दहा अंशांचं पाणी येतं. जर्मनीत तर पांढरे कपडे ९५ अंशांवर धुण्याची जुनी पद्धत होती, तिला शब्दच "उकळधुणं" अशा अर्थाचा आहे. अशा देशांत ४० अंश ही मधली पायरी झाली आणि मशीनच्या बटणावर तीच पहिली आली. तेच बटण नाशिकला, नागपूरला, पणजीला आलं. आता गंमत नाही, गंभीर गोष्ट ही आहे की तिकडच्या लोकांनी आपलं बटण बदललं. युरोपीय संघाने १ डिसेंबर २०१३ पासून घरगुती वॉशिंग मशीनमध्ये २० अंशांवर धुण्याची सोय सक्तीची केली. जपानमध्ये तर घरोघरी नळाच्या साध्या पाण्यातच कपडे धुतात, आणि रात्री आंघोळीच्या टबात उरलेलं पाणी छोट्या पंपाने मशीनमध्ये घ्यायची पद्धत आजही कित्येक घरांत आहे. मुंबईत किंवा रत्नागिरीत नळाचं "थंड" पाणी वर्षातले बरेच महिने २५ ते ३० अंशांचं असतं. युरोपातला माणूस वीज वाचवायची म्हणून ज्या पाण्यात धुतो, त्याहून आपलं फुकटचं पाणी जास्त कोमट आहे.

आता प्रश्न राहतो तो मळाचा. गरम पाण्याने कपडे जास्त स्वच्छ निघतात, ही समजूत इतकी पक्की आहे की तिच्यावरच गरम धुण्याची जाहिरात चालते. या समजुतीला एके काळी आधार होता. चरबीपासून केलेला साबण थंड पाण्यात नीट विरघळत नाही, आणि बोअरच्या जड पाण्यात त्याचा फेस न होता नुसता पांढरा साका होतो. म्हणून परीट भट्टी लावत, सोडा घालून कपडे उकळत. साबणाच्या काळात उष्णता हा धुण्याचाच एक भाग होता. पण आपण त्या काळात राहिलेलो नाही. आपल्याकडे सर्फ १९५९ मध्ये आलं, निरमा १९६९ मध्ये. या पावडरी म्हणजे साबण नव्हेत, डिटर्जंट आहेत, आणि निरमाने तर ती पावडर खेड्यातल्या बादलीपर्यंत पोचवली. त्या बादलीत पाणी नळाचं किंवा विहिरीचंच होतं. साध्या पाण्यात कपडे धुण्याचा प्रयोग या देशात कोट्यवधी घरांनी पन्नासहून जास्त वर्षं केलेला आहे. तो सिद्ध करायला कुणा नव्या माणसाची गरज नाही.

त्याच्यापुढचं पाऊल एन्झाइमचं. जर्मनीतल्या ओटो रोम यांनी १९१३ मध्ये जनावरांच्या स्वादुपिंडातले एन्झाइम धुण्यासाठी वापरायचं पेटंट घेतलं. पुढे १९६० च्या दशकात जिवाणूंपासून मिळवलेले एन्झाइम पावडरीत येऊ लागले. आज चांगल्या पावडरीत किंवा लिक्विडमध्ये प्रथिनं तोडणारा प्रोटीएज, पिष्ट तोडणारा अमायलेज आणि तेल-तुपावर चालणारा लायपेज असे एन्झाइम असतात. वरण-भाताचा डाग म्हणजे पिष्ट, प्रथिन आणि फोडणीचं तेल, तिन्ही एकत्र. हा डाग सुटतो तो एन्झाइमला वेळ दिल्यामुळे. अर्धा तास भिजवून ठेवलेला शर्ट साध्या पाण्यात जितका स्वच्छ होतो, तितका न भिजवता तापवलेल्या पाण्यात होत नाही. उलट पाणी फार तापलं तर एन्झाइम निकामी होतात, म्हणजे महागाची पावडर वापरून तिच्यातलं जे उपयोगाचं तेच मारायचं.

काही डाग तर गरम पाण्याने कायमचे बसतात. रक्ताचा डाग थंड पाण्यानेच काढायचा, हे आपल्याकडे प्रत्येक मुलीला वयात येताना आई, मावशी नाहीतर आजी सांगते. कारण कुणी सांगत नाही, पण आहे ते पक्कं आहे. रक्तात प्रथिनं असतात, आणि अंडं गरम पाण्यात जसं घट्ट होतं तशी ती कापडाच्या धाग्यात घट्ट होऊन बसतात. दूध, अंडं, घाम, सगळ्याचं तेच. दुसरा डाग हळदीचा. लग्नघरातून आलेलं पांढरं धोतर साबणाला लागताच लालभडक होतं आणि नवी सून घाबरते. साबण-सोड्याच्या स्पर्शाने हळदीचा रंग लाल होतो, एवढंच ते असतं. त्याला ६० अंशाचं पाणी लागत नाही, ऊन लागतं. ओलंच धोतर दोन दिवस कडक उन्हात टाकलं की डाग फिका पडत पडत जातो, कारण हळदीतला रंग उन्हात टिकत नाही. आमच्या गच्चीवर मी हे दर लग्नसराईत पाहते. सकाळी नारिंगी, दुपारी पिवळसर, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुठे डाग होता ते शोधावं लागतं. जे काम ऊन फुकट करतं त्यासाठी कोळसा जाळायचं कारण नाही.

कपड्यांच्या आयुष्याचं वेगळं सांगायला नको. इरकलीचा काठ, सुती कुर्त्याचा रंग, परकराची नाडी जिथे शिवलेली असते तिथलं कापड, मुलांच्या पँटचं इलॅस्टिक, सगळं गरम पाण्याने लवकर जातं.

आता अडचणींकडे येते, कारण त्या खऱ्या आहेत. नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटे हात बधिर करणारं असतं. तेवढ्या गार पाण्यात पावडर नीट विरघळत नाही आणि काळ्या कपड्यांवर पांढरे ठिपके राहतात. पावडर आधी मगभर कोमट पाण्यात कालवून टाकली किंवा लिक्विड वापरलं की ही तक्रार मिटते. मी एक गोष्ट आणखी करते. हिवाळ्यात धुणं पहाटे न लावता अकरा-बाराला लावते. तोपर्यंत टाकीवर ऊन पडून पाणी पाच-सहा अंशांनी तरी सुधारलेलं असतं. सौर वीजही नेमकी त्याच वेळी भरपूर असते, आणि स्मार्ट मीटर बसलेल्या ग्राहकाला सूर्यप्रकाशाच्या तासांत दर कमी आणि गर्दीच्या तासांत जास्त, अशी तरतूद केंद्राने २०२३ मध्येच नियमात केली आहे. नोकरी करणाऱ्या घरात रोज दुपारी धुणं लावणं शक्य नसतं, हे मला माहीत आहे. अशांनी वेळेचा विचार सोडावा आणि फक्त पाणी न तापवता लावावं, तेवढंही पुष्कळ आहे.

पावसाळ्याची तक्रार जास्त अवघड आहे. कोकणात, इगतपुरीकडे जुलैमध्ये कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत आणि त्यांना कुबट वास येतो. लोक म्हणतात, थंड पाण्यात जंतू मरत नाहीत म्हणून वास येतो. पण हा वास येतो तो कपडे फार वेळ ओले राहिल्यामुळे. त्या ओलीत जिवाणू वाढतात. ६० वर धुतलेला टॉवेलसुद्धा दोन दिवस ओलसर राहिला की वास मारतोच. उपाय पिळण्यात आहे. एक लिटर पाणी विजेने वाफ करून उडवायचं तर ०.६ युनिटहून जास्त लागतं. तेच पाणी मोटार जोरात फिरवून बाहेर फेकायला त्याच्या तुलनेत नगण्य वीज पुरते. म्हणून पिळण्याच्या फेऱ्या मिनिटाला ८०० ऐवजी १२०० कराव्यात, मशीन थांबल्याबरोबर कपडे बाहेर काढावेत, दोऱ्यांवर दाटी न करता सोडून सोडून घालावेत, वर पंखा लावावा. ड्रायर हा शेवटचा पर्याय. पाणी तापवून धुण्याने या कामाला काडीची मदत होत नाही.

जंतूंचं म्हणाल, तर गरम पाणी लागतं अशा वेळा आहेत आणि तेव्हा ते बिनदिक्कत वापरावं. घरात कुणाला खरूज झाली असेल तर त्याचे कपडे आणि अंथरूण ६० वरच धुवावं, कारण खरजेचा किडा ५० अंशांपुढच्या उष्णतेत मरतो. जुलाब-उलट्यांच्या आजारातलं अंथरूण, तान्ह्या बाळाचे कापडी लंगोट, धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी असलेल्याच्या उशांचे अभ्रे, स्वयंपाकघरातली ओट्याची फडकी, यांनाही. आणि मशीनलाही महिन्यातून एकदा रिकामं गरम पाणी द्यावं, नाहीतर दाराच्या रबरात पावडरीचा आणि मळाचा काळा बुळबुळीत थर धरतो. सासूबाईंच्या बंबाचा नियम आणि हा नियम एकच आहे: आजारपणाला गरम, रोजच्याला गार. शर्ट-पँट, साड्या, ओढण्या, ऑफिसचे कुर्ते हे आजारी नसतात. दिवसभर अंगावर राहिलेल्या, थोड्या घामाच्या, थोड्या धुळीच्या कपड्यांना दवाखान्यातल्या चादरींचा उपचार देण्याचं काही कारण नाही.

मला सगळ्यात जास्त बोचलं ते वेगळंच. आमच्याकडे एक मावशी भांड्यांना आणि हातधुण्याला येतात. मशीनमध्ये न टाकायचे कपडे, पायपुसणी, मुलाचे मातीने भरलेले मोजे त्या हाताने धुतात. जानेवारीतली एक सकाळ. बाल्कनीत त्या नळाखाली मोजे घासत होत्या आणि शेजारीच मशीन ४० वर चालू होतं. मी सहज मशीनच्या काचेला हात लावला, काच कोमट होती. मावशींचे हात लाल झाले होते. मी म्हणाले, "मावशी, बादलीत गरम पाणी देते." त्या म्हणाल्या, "राहू द्या ताई, सवय आहे. गिझरला लाइट किती येतं." माझ्या घरातल्या विजेची काळजी त्या करत होत्या, आणि तीच वीज मी चादरींना देत होते. त्या दिवसापासून मशीन गार पाण्यावर आहे आणि थंडीत मावशींच्या बादलीत गिझरचं पाणी आहे. एक बादली कोमट पाण्याला जी वीज लागते ती मशीनच्या ६० वरच्या एका धुण्याइतकीही नाही. आपल्या शहरांत हजारो घरांत हेच दृश्य असेल. यंत्राला तापलेलं पाणी आणि माणसाला गोठलेलं. कपड्यांचं गरम पाणी काढून ते काम करणाऱ्या हातांना द्यावं, यासाठी कुठल्या कायद्याची वाट बघायची गरज नाही.

पण मशीनच्या बटणासाठी मात्र नियम हवा, आणि माझी मूळ मागणी ती आहे. "ज्याने त्याने आपल्या घरी बघावं" एवढ्यावर हे सोडता येणार नाही, कारण मी वीज-बिल काळजीने वाचणारी बाई आहे आणि तरी मला दोन वर्षं लागली. बहुतेक माणसं मशीन जसं चालू होतं तसंच चालवतात. हे ओळखूनच ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने एसीच्या बाबतीत एक अत्यंत शहाणपणाचं काम केलं. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचा कोणताही घरगुती एसी सुरू होतो तो २४ अंशांवर. कुणावर सक्ती नाही. ज्याला १८ हवं त्याने बटण दाबून १८ करावं. फक्त सुरुवात काटकसरीच्या बाजूने होते, उधळपट्टीच्या बाजूने नाही. हाच नियम वॉशिंग मशीनला लावा. बटण दाबलं की पडद्यावर पहिल्यांदा "साधं पाणी" आलं पाहिजे. ज्याला तापवायचं त्याने तापवावं, आणि तापमान निवडल्याबरोबर त्या धुण्याला अंदाजे किती युनिट लागणार तो आकडा शेजारी उमटला पाहिजे. मशीनला हे आधीच ठाऊक असतं. माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत असा तक्ता बहुधा छापलेलाच असतो. तो आकडा पुस्तिकेतून उचलून बटणाशेजारी आणायचा आहे. सोबत पावडरीच्या पाकिटावर, मराठीत, ठळक अक्षरांत, "साध्या पाण्यात वापरा" असं छापायला लावा.

यावर कुणी म्हणेल, एवढ्याशा विजेने काय होतं? घरातली सगळ्यात जास्त वीज धुण्यावर जात नाही, हे मला मान्य आहे. गिझर आणि एसी त्याच्या कितीतरी पुढे आहेत. तरी आकडे मांडते. आमच्याकडे आठवड्याला चार वेळा मशीन लागतं. चारही धुणी ६० वरची धरली आणि दर वेळी ०.७ युनिट वाचलं तर वर्षाला साधारण १४५ युनिट. महावितरणच्या बिलात टप्पे असतात, पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, पुढे आणखी महाग. वाचलेलं युनिट नेहमी वरच्या, महाग टप्प्यातून वजा होतं. म्हणजे १४५ युनिटचे दीड हजार रुपये तरी धरा. औष्णिक केंद्रात एका युनिटला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम दगडी कोळसा जळतो. म्हणजे माझ्या एका घरातल्या शर्ट-पँट-चादरींसाठी वर्षाला जवळजवळ शंभर किलो कोळसा. सासूबाईंच्या बंबात काड्या घालताना त्यांना मोळी दिसायची. हा शंभर किलोचा ढीग कुणी माझ्या दारात आणून ओतला असता, तर मी पहिल्याच वर्षी विचारलं असतं की हा कशासाठी.

नाशिककरांना तो ढीग लांबून दिसतो. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या शहराच्या बऱ्याच भागातून दिसतात, आणि आजूबाजूच्या गावांत उडणाऱ्या राखेच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालू आहेत. तिथे २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. असं ६० वर धुणारी एक लाख घरं साध्या पाण्यावर आली तर वर्षाला दीड कोटीच्या आसपास युनिट वाचतील. त्यांतला एक संच पूर्ण क्षमतेने जवळजवळ तीन दिवस चालतो तेव्हा एवढी वीज होते. कोळशात सांगायचं तर साडेनऊ हजार टन, म्हणजे दोन-अडीच मालगाड्या. तीन दिवस म्हणजे काही फार नाही, असं कुणाला वाटेल. मला तीन दिवसांची राख पुष्कळ वाटते, विशेषतः ती कुणाच्याही काही उपयोगी पडणार नसताना. आणि एक लाख हा आजचा आकडा धरू नका. आपल्याकडे बहुतेक घरांत अजून हातानेच धुतात. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ज्या घरांत पहिलं मशीन येईल, त्या घरांना साध्या पाण्यात धुण्याची सवय आहे. ती मोडून त्यांना ४० ची सवय लावायची आणि मग वीज वाचवा म्हणून फलक लावायचे, हा उलटा रस्ता आहे. नियम करायची वेळ मशीन त्या घरात पोचायच्या आधी आहे.

गेल्या महिन्यात आमच्या मजल्यावर शेजारच्या वहिनींनी नवं मशीन घेतलं. डेमोचा मुलगा आला तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. मी त्याला म्हटलं, "दादा, हे कायमचं साध्या पाण्यावर लावून दे." तो चांगला मुलगा होता, त्याने मनापासून प्रयत्न केला. बटण तीनदा दाबलं, ४० चे ३०, ३० चे २०, २० चे "कोल्ड" झालं. वहिनी म्हणाल्या, "बास, आता हे असंच राहील ना?" त्याने मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं. पडद्यावर ४० आलं. "नाही हो काकू," तो म्हणाला, "दर वेळी तीनदा दाबावं लागेल."